आरशात बरी दिसणारी वधू फोटोत वेगळी का दिसते?

प्रश्न विचारणाऱ्या तरुणीचे लग्न चार महिन्यांवर आले आहे आणि समारंभ मंगल कार्यालयात व्हायचा आहे. ती लिहिते की आरशात ती स्वतःला बरी वाटते, पण फोटोत चेहरा रुंद, नाक मोठे आणि हसू ओढूनताणून आणल्यासारखे दिसते. वर्ण सावळा आहे, चष्मा आहे, आणि ‘तुझा फोटो कधी चांगला येतच नाही’ हे वाक्य तिने घरात लहानपणापासून ऐकले आहे. लग्नाच्या फोटोंत चांगले दिसण्यासाठी या चार महिन्यांत काय करता येईल, असे तिने विचारले आहे.

माझा व्यवसाय लग्नसमारंभांची आणि स्टुडिओतील व्यक्तिचित्रांची छायाचित्रे काढण्याचा आहे. या अनुभवाच्या आधारे पहिली गोष्ट निःशंकपणे सांगतो: ज्यांचा फोटो चांगला येतच नाही अशी चेहरेपट्टी मला आजवर भेटलेली नाही. चुकीच्या अंतरावरून, चुकीच्या उजेडात आणि चुकीच्या क्षणी टिपले गेलेले चेहरे मात्र रोज भेटतात. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी प्रत्येकीला कारण आहे आणि ते कारण तुमच्या चेहऱ्यात नाही. ते एकदा नीट समजले की उपायही आपोआप समजतात, म्हणून मी नुसत्या सूचना न देता त्यांच्यामागची कारणेही सांगणार आहे.

नाक मोठे आणि चेहऱ्याचा मधला भाग रुंद दिसणे हा बहुतेकदा अंतराचा परिणाम असतो. नाकाचे टोक आणि कान यांच्यात समोरून मागे मोजले तर साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर असते. फोन हातात धरून सेल्फी घेताना कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान त्याच्यापासून ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे नाकापेक्षा ४० टक्के लांब असतात. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठे आणि जे लांब ते लहान दिसते, म्हणून नाक पुढे येते, कान मागे सरकून दिसेनासे होतात आणि चेहऱ्याचा मधला भाग फुगतो. तोच कॅमेरा १८० सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ सहा फुटांवर नेला, तर हा फरक ७ टक्क्यांच्याही आत येतो आणि चेहरा समोर बसलेल्या माणसाला दिसतो तसा दिसू लागतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली ‘जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे गणित मांडले होते. ५ फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते, असे त्यातून निघाले. सेल्फीत नाक मोठे दिसते म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करणारे लोक डॉक्टरांकडे येऊ लागले होते, ही त्या अभ्यासामागची पार्श्वभूमी मला आजही अस्वस्थ करते.

यावरचा उपाय सोपा आहे. फोटो काढणाऱ्याला किमान पाच-सहा फुटांवर उभे करावे आणि चेहरा मोठा हवा असेल तर त्याने जवळ न येता फोनमधला दोनपट झूम वापरावा. फोनचा नेहमीचा कॅमेरा विशाल कोनाचा असतो, त्यामुळे चेहरा मोठा घेण्यासाठी फोटो काढणारा नकळत जवळ सरकतो आणि तिथेच बिघडते. अर्ध्या पटीचा जो अतिविशाल कोन हल्ली फोनमध्ये असतो, तो माणसांसाठी वापरूच नये, कारण त्याच्या कडेला उभी असलेली व्यक्ती आडवी ताणली जाते. तुमच्या छायाचित्रकाराला याची काळजी करायला सांगण्याची गरज बहुधा पडणार नाही. पण लग्नाचे निम्मे फोटो हल्ली मावशी-आत्यांच्या आणि मैत्रिणींच्या फोनमध्ये असतात आणि तेच आधी सगळीकडे पोचतात, म्हणून हे त्यांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे.

आता आरशाविषयी. आरशात आपल्याला आपला उलटा चेहरा दिसतो, भांग उजवीकडचा डावीकडे आणि गालावरचा तीळ त्या बाजूऐवजी या बाजूला. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, त्यामुळे जन्मभर पाहिलेला चेहरा फोटोत सुलटा समोर आला की काहीतरी वाकडे आहे असे वाटते. मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली याची परीक्षा घेतली होती. त्यांनी स्त्रियांना स्वतःच्याच छायाचित्राच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या. बहुतेकींना आरशातल्यासारखी उलट प्रत आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना त्याच स्त्रियांची सुलट प्रत अधिक आवडली. म्हणजे जो चेहरा तुम्हाला फोटोत परका वाटतो, तोच तुमच्या आईला आणि होणाऱ्या नवऱ्याला ओळखीचा आणि आवडता असतो. म्हणून स्वतःच्या फोटोचा निवाडा एकटीने करू नये, आणि करायचाच असेल तर फोटो काढल्याबरोबर तर मुळीच करू नये.

चार महिन्यांत करण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे सराव, आणि तो आरशासमोर नव्हे तर कॅमेऱ्यासमोर करायचा. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी बहिणीला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्यावे, खिडकीजवळ उभे राहावे, आणि तिने सहा फुटांवरून तुमचे समोरून, थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून, हनुवटी वर, हनुवटी खाली, ओठ मिटून आणि मोकळे हसून असे पुष्कळ फोटो काढावेत. सुरुवातीचे फोटो कडक येतात, नंतर अंग सैल होते आणि शेवटच्या फोटोंत तुम्ही दिसू लागता. ते फोटो दोन दिवसांनी मोठ्या पडद्यावर शांतपणे पाहावेत. कोणत्या बाजूने डोळे अधिक उघडे वाटतात, हसताना मान कुठे झुकते, एक खांदा वर जातो का, हे तेव्हा लक्षात येते. महिन्यातून एक-दोनदा असे केले तरी लग्नाच्या दिवशी कॅमेरा परका वाटत नाही. मेकअपची आणि नऊवारीची चाचणी व्हायची असेल तेव्हा तर असे फोटो जरूर काढावेत. फोटो काढण्यापूर्वी फोनची लेन्स स्वच्छ मऊ कापडाने पुसावी, ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण बोटांच्या तेलकट डागांमुळे येणारा धुरकटपणा मी असंख्य फोटोंत पाहिला आहे.

एका बाजूविषयी मात्र निवड तुमच्या हाती फारशी नाही. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. वधूचे जे व्यक्तिचित्र पुढे भिंतीवर लागते त्यात नथ दिसली पाहिजे, असे घरातल्या सर्वांना वाटते आणि ते योग्यच आहे. म्हणून चेहरा थोडा उजवीकडे वळवून डावा गाल कॅमेऱ्याला दाखवणारा कोन तुम्हाला सवयीचा करून घ्यावा लागेल. नथ मोठी असेल तर तिचे मोती वरच्या ओठावर येतात आणि उजेड वरून पडत असेल तर ओठावर तिची सावलीही पडते. त्यामुळे मोकळे हसण्यापेक्षा मध्यम हसू या दागिन्याबरोबर अधिक शोभते. नाक टोचलेले नसेल आणि दाबून बसवायची नथ वापरणार असाल, तर ती घालून घरी तासभर बोलून, हसून, खाऊन पाहावे, कारण घसरणाऱ्या नथेकडे सारखे लक्ष गेले की ते डोळ्यांत दिसते.

उजेडाकडे येतो, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक यश त्यावरच ठरते. चेहऱ्याला मोठ्या पृष्ठभागावरून, बाजूने आणि किंचित वरून येणारा मऊ उजेड मानवतो. घरातली मोठी खिडकी, ओसरी, पडवी, दारातून दोन पावले आत, झाडाखाली नव्हे तर इमारतीच्या मोकळ्या सावलीत, अशा जागी तो फुकट मिळतो. ढगाळ दिवशी तर सारे आकाशच असा उजेड देते, म्हणून पावसाळ्यातले कोकणातले फोटो चेहऱ्यांसाठी फार चांगले येतात. याउलट भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर उतरते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचेही तेच होते. झाडाखालच्या सावलीत पानांमधून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर डागांसारखे दिसतात. उजेड चांगला आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण आहे: समोरच्याच्या बुबुळात उजेडाचा एक स्पष्ट ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर डोळे निर्जीव दिसतात, आणि तो दिसेपर्यंत चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवत राहिले की योग्य जागा सापडते. दुसऱ्या बाजूचा गाल फार काळोखा राहत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा पत्रा धरला तरी पुरतो. स्टुडिओबाहेर आम्हीही पुष्कळदा तेच करतो.

उजेडाच्या बाबतीत लोकांच्या लक्षात न येणारी बाब म्हणजे आजूबाजूचा रंग. उजेड ज्या पृष्ठभागावरून उसळतो त्याचा रंग घेऊन चेहऱ्यावर येतो. पिस्ता रंगाच्या भिंतीजवळ बसलेली मुलगी आजारी दिसते, हिरवळीवर बसले की हनुवटीखाली हिरवट झाक येते, आणि लाल किंवा गुलाबी कापडाच्या मांडवाखाली दिवसा काढलेल्या फोटोंत साऱ्या वऱ्हाडाचे चेहरे तांबूस होतात. ही झाक नंतर संगणकावर पूर्णपणे काढता येत नाही, कारण ती चेहऱ्याच्या एका भागावर असते आणि दुसऱ्यावर नसते. सजावटीचा निर्णय अजून झालेला नसेल, तर डोक्यावरचे कापड पांढरे किंवा मोतिया ठेवावे आणि रंग फुलांमध्ये व बाजूच्या पडद्यांमध्ये आणावा, असा माझा आग्रह आहे. मंगल कार्यालयांत पिवळे दिवे, पांढरे दिवे आणि रंग बदलणारे दिवे एकाच वेळी चालू असतात. निदान वधू-वर बसतात त्या जागेवरचे रंग बदलणारे दिवे मुख्य विधींच्या वेळी बंद ठेवावेत, असे कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आणि सजावट करणाऱ्याला आधीच सांगावे.

तुम्ही सावळ्या वर्णाचा उल्लेख जरा संकोचाने केला आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहितो. सावळ्या चेहऱ्यावर उजेड आणि छाया यांचा खेळ फार सुंदर दिसतो, गालाच्या उंचवट्यावर तेज येते, आणि जरीकाठ, सोने, मोती, हिरव्या बांगड्या हे सगळे त्या पार्श्वभूमीवर उठून दिसते. मग फोटो काळवंडलेला का येतो? कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. मागे पांढरी भिंत किंवा शेजारी पांढऱ्या कुर्त्यातला वर असला, की त्याला दृश्य फार उजळ वाटते आणि तो सगळेच गडद करतो. फोनमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड मोजायला लावले आणि बोट थोडे वर सरकवले की हा दोष तिथल्या तिथे जातो. दोष यंत्राच्या घडणीतही होता. फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी ‘शर्ली कार्डे’ देत असे, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे, आणि तिची त्वचा नीट दिसली की काम बरोबर झाले असे मानले जाई. गडद त्वचेच्या छटा नीट टिपण्यासाठी मुद्दाम केलेली तजवीज ही फोनच्या जगात अगदी अलीकडची आहे. गूगलने २०२१ साली आपल्या पिक्सेल ६ या फोनबरोबर ‘रिअल टोन’ या नावाने ती जाहीर केली. इतकी वर्षे कोट्यवधी माणसे स्वतःच्या रंगाला दोष देत राहिली, तेव्हा प्रत्यक्षात मोजमाप दुसऱ्याच्या रंगावरून ठरलेले होते.

या संकोचाचा सर्वांत मोठा तोटा मेकअपमध्ये होतो. त्वचेपेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन लावले, की सावळा चेहरा गोरा होत नाही, तो राखाडी दिसतो, आणि मान, कान व मेंदी लावलेले हात वेगळ्या रंगाचे राहतात. ही विसंगती प्रत्यक्ष भेटीत एक वेळ झाकली जाते, पण कॅमेऱ्यात जात नाही. मेकअप करणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगावे की छटा जबड्याच्या कडेला, मानेशी जुळवून, दिवसाच्या उजेडात निवडायची आहे. चाचणीच्या दिवशी फ्लॅश लावून आणि न लावता असे दोन्ही फोटो काढून पाहावेत, कारण झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिका असलेली काही प्रसाधने आणि सनस्क्रीन डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅश पडताच चेहऱ्यावर पांढरी पूड उडाल्यासारखी दिसतात. कपाळ आणि नाक तेलकट चमकू लागले तर पावडरचे थर चढवण्याऐवजी टिशूने अलगद टिपावे. गालावरचे नैसर्गिक तेज मात्र राहू द्यावे. फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग यांमुळे येणारा लालसरपणा उतरायला अवधी लागतो, म्हणून ते तीन-चार दिवस आधी उरकावे आणि नवीन कोणतेही प्रसाधन लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा लावू नये.

चष्म्याविषयी माझे मत असे आहे की जी व्यक्ती रोज चष्मा लावते तिने निदान काही फोटोंत तरी तो लावावा, कारण तिच्या माणसांना ती तशीच ठाऊक असते. काचांवर दिव्यांचे प्रतिबिंब पडू नये म्हणून परावर्तन रोखणारा थर असलेल्या काचा आधीच करून घ्याव्यात. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा त्या दिवशी टाळाव्यात, कारण त्या बाहेरच्या उजेडात डोळे झाकून टाकतात. तरीही प्रतिबिंब आले तर कानावरच्या दांड्या किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि ते निघून जाते. लेन्स वापरायच्या असतील तर नेत्रतज्ज्ञांना विचारून निदान महिनाभर आधी सवय करावी. होमाच्या धुराने डोळे चुरचुरतातच, आणि नवख्या डोळ्यांना लेन्ससह तो त्रास अधिक जाणवतो. चष्मा काढून फोटो घ्यायचे असतील तर तो काही वेळ आधीच काढून ठेवावा, म्हणजे नाकावरचे वळ मावळतात.

शरीराच्या ठेवणीत सर्वांत उपयोगी गोष्ट हनुवटीची आहे. फोटो म्हटले की बहुतेक जण हनुवटी मागे ओढतात आणि नसलेली दुहेरी हनुवटी तयार करतात. त्याऐवजी कासव मान बाहेर काढते तशी मान आधी थोडी पुढे न्यावी आणि मग हनुवटी अगदी थोडी खाली आणावी. करताना विचित्र वाटते, समोरून मात्र जबड्याची रेषा स्पष्ट होते आणि डोळे मोठे दिसतात. उभे राहताना कॅमेऱ्याला छाती सरळ समोर न देता अंग थोडे तिरके ठेवावे, वजन मागच्या पायावर घ्यावे, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवावेत, आणि दंड कुशीला चिकटवू नयेत, कारण दाबलेला दंड आहे त्यापेक्षा जाड दिसतो. नऊवारीत पायांची ठेवण दिसते, त्यामुळे एक पाऊल किंचित पुढे असावे. पाटावर बसल्यावर पोक येते आणि पाऊण तासाने ती लक्षातही राहत नाही. मागे उभ्या असलेल्या करवलीला हेच काम द्यावे की तिने अधूनमधून तुमच्या पाठीला हलकेच बोट लावून आठवण करावी. पूर्ण उंचीचा फोटो कमरेच्या उंचीवरून आणि चेहऱ्याचा फोटो डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावा. उंच माणसाने उभ्या उभ्या खाली पाहून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात.

हसण्याविषयी फ्रेंच वैद्य गियोम द्युशेन यांनी १८६२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले, ते आजही खरे आहे. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपण हुकमाने हलवू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा जो स्नायू खऱ्या आनंदात आकुंचन पावतो तो बहुतेकांना हुकमाने हलवता येत नाही. म्हणून ‘स्माइल प्लीज’ म्हटल्यावर आणलेल्या हसण्यात ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात, आणि तुम्हाला तेच ओढूनताणून आणलेले वाटते. खरे हसूसुद्धा चेहऱ्यावर धरून ठेवले की काही क्षणांत शिळे होते. त्यावर उपाय म्हणजे हसू धरून न ठेवता ते पुन्हा पुन्हा नवे आणणे. डोळे मिटावेत किंवा खाली पाहावे, श्वास सोडावा, ज्याच्यामुळे हमखास हसू येते असे माणूस किंवा प्रसंग मनात आणावा आणि छायाचित्रकाराच्या खुणेवर डोळे उघडून वर पाहावे. पहिल्या क्षणाचे ते हसू ताजे असते. तुमच्या चावट मावसभावाला कॅमेऱ्याच्या मागे उभे केले तर यांतले काहीच करावे लागणार नाही. शिवाय सगळ्या फोटोंत हसलेच पाहिजे असेही नाही. गौरीहराच्या पूजेला बसलेल्या वधूचा गंभीर, स्वतःत रमलेला चेहरा मला कित्येकदा साऱ्या अल्बममधला सर्वोत्तम फोटो वाटला आहे.

लग्नाच्या दिवसाचे काही बारकावे आहेत. मुंडावळ्यांच्या सरी भुवयांच्या बाहेरच्या टोकाशी, कानशिलांवरून खाली याव्यात अशा बांधाव्यात. त्या डोळ्यांसमोर आल्या तर प्रत्येक फोटोत डोळ्यावर आडवी-उभी रेघ येते आणि कॅमेरा चेहऱ्याऐवजी मोत्यांवर स्थिरावतो. चंद्रकोर अगदी मध्यावर आहे ना, हे दुसऱ्या कोणीतरी समोरून पाहावे, कारण ती जराशी सरकली तरी साऱ्या चेहऱ्याची ठेवण कलल्यासारखी वाटते. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी अक्षता उडतात आणि डोळे मिटतात, ते मिटू द्यावेत. त्यानंतर लगेच हार घालण्याची घाई न करता दोघांनी एकमेकांकडे क्षणभर पाहावे, कॅमेऱ्याकडे नव्हे. होमाच्या धुराने डोळे लाल होणारच आहेत, म्हणून ज्यांत चेहरा मोठा दिसेल असे एकटीचे आणि दोघांचे फोटो त्याआधी व्हायला हवेत. मुहूर्त भर दुपारचा असेल तर ते सकाळच्या उजेडात, कार्यालयाच्या व्हरांड्यात घ्यावेत. गोरज मुहूर्त असेल तर मुहूर्ताआधीचा तासभराचा तिरपा, सोनेरी उजेड त्यासाठी राखून ठेवावा. यासाठी लागणारा अर्धा तास नेहमी मेकअप लांबल्यामुळे हातचा जातो. मेकअप सुरू करण्याची वेळ ठरवताना हा अर्धा तास आधीच मोजून ठेवावा आणि तो कोणालाही देऊ नये.

गटफोटोंना थोडक्यात उरकावे असा माझा सल्ला असतो, पण त्यातही एक गणित उपयोगी पडते. प्रत्येक पापणी मिटून उघडायला सेकंदाचा साधारण पाव भाग लागतो, त्यामुळे माणसे वाढली की सर्वांचे डोळे एकाच क्षणी उघडे असण्याची शक्यता झपाट्याने घटते. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी यावर काम केले आणि त्याला २००६ साली इग नोबेल हे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले. वीसपेक्षा कमी माणसांच्या गटात माणसांच्या संख्येला चांगल्या उजेडात तीनने आणि कमी उजेडात दोनने भागावे, तितके फोटो काढले की एकात तरी सर्वांचे डोळे उघडे सापडतात. पंधरा जणांच्या कुटुंबासाठी चांगल्या उजेडात पाच फोटो, हे लक्षात ठेवायला सोपे आहे. माणसे गोळा करण्याचे काम दोन्ही घरांतील एकेका खणखणीत आवाजाच्या माणसाकडे यादीसह सोपवावे, म्हणजे तुम्हाला व्यासपीठावर हसू धरून ताटकळावे लागत नाही.

शेवटची बाब छायाचित्रकाराशी करायच्या बोलण्याची. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्यांच्याकडून निवडक चकचकीत फोटो न मागता एखाद्या संपूर्ण लग्नाचे फोटो पाहायला मागावेत, आणि त्यांत सावळ्या वधूचे लग्न असेल तर तेच आवर्जून पाहावे. तिची त्वचा सकाळी, रात्री आणि फ्लॅशमध्ये सारख्याच रंगाची दिसते का, हे पाहिले की त्यांचे कौशल्य कळते. मग त्यांना लेखी कळवावे की रंग उजळवायचा नाही, चेहरा किंवा शरीर बारीक करायचे नाही, आणि त्वचा मेणासारखी गुळगुळीत करायची नाही. त्या दिवशी उठलेली पुटकुळी, कपाळावर आलेला केसांचा पुंजका किंवा मेकअपचा डाग काढायला माझी हरकत नाही, कारण त्या गोष्टी आठवड्याने तशाही नसणार. तीळ, खळी, व्रण आणि वर्ण मात्र तुमचे आहेत. हे आधी सांगितले नाही तर पुष्कळ ठिकाणी सगळे चेहरे न विचारता गोरे करून दिले जातात, आणि अल्बम छापून झाल्यावर त्यावर काही करता येत नाही.

फोटो हाती आल्यावर लगेच निवडायला बसू नये. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, थकवा उतरू द्यावा, आणि पहिली चाळणी आईला व नवऱ्याला लावू द्यावी. त्यांनी निवडलेल्यांपैकी जे तुम्हाला सुरुवातीला खटकतात तेही लगेच बाद न करता बाजूला ठेवावेत आणि अल्बम छापायला देण्याआधी पुन्हा एकदा पाहावेत.